घसरलास की मुद्दाम?

हेक्टर मॅक्लीशने हातातली पितळी घंटा वाजवली आणि आइस हॉकीचा खेळ थांबला. डनमोर गावचा गोलरक्षक फिन्टन क्विगली जाळ्यापुढे दोन्ही गुडघे बर्फावर टेकून बसला होता. रबरी चकती त्याच्या मांडीला लागून कोपऱ्यात गेली होती.

"घसरलास की मुद्दाम?" हेक्टरने विचारलं.

गोलरक्षकाने चकती उभ्यानेच अडवायची, हा नियम. घसरला तर माफ. मुद्दाम बसला तर तीन मिनिटं बाहेर. पंच म्हणून हेक्टरने हा प्रश्न हिवाळाभर विचारला होता आणि फिन्टन दर वेळी नवीन उत्तर द्यायचा.

"प्रार्थना करत होतो."

"खेळ चालू असताना?"

"मग कधी करू, हरल्यावर? तुम्ही प्रेस्बिटेरियन बाकावर बसल्या बसल्या देवाशी बोलता. आम्हा कॅथलिकांना गुडघे टेकावे लागतात, बाबा."

"अहो पंच," कठड्यापलीकडून कोणीतरी ओरडलं, "पोपला तार करून विचारा!"

हेक्टरने कठड्याकडे पाहिलं नाही. तिथे ऑनोरा उभी होती, फिन्टनची विधवा बहीण. दर रविवारी दुपारी हेक्टर तिच्या स्वयंपाकघरात चहा घ्यायचा आणि हवेबद्दल बोलायचा. उद्या मात्र तो तिला लग्नाचं विचारणार होता. ही गोष्ट सगळ्या डनमोरला ठाऊक होती. औपचारिकरीत्या कळवायची राहिली होती ती फक्त ऑनोराला.

सकाळीच ती त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बिजागरी घ्यायला आली होती.

"मोठ्या लीगने नियम बदलला म्हणे," ती म्हणाली. "आता गोलरक्षकाने लोळण घेतली तरी चालतं."

"त्यांनी बदलला. आपल्या लीगने नाही बदलला."

"आपल्या लीगमध्ये चार गावं आहेत, मिस्टर मॅक्लीश."

"चार गावांनाही नियम असतो."

"असू दे. आज माझ्या भावाला बाहेर काढलंत, तर उद्या चहाला येऊ नका."

आणि आता अंतिम सामना संपत आला होता. डनमोर एका गोलने पुढे होतं. हेक्टरने नाक पुसलं, घंटा काखेत धरली आणि शिक्षेच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"हेक्टर, अरे विचार कर," फिन्टन खालच्या आवाजात म्हणाला. "माझा नको. चहाचा कर."

"तीन मिनिटं."

गोलरक्षकाची शिक्षा तेव्हा गोलरक्षकानेच भोगायची. जाळ्यापुढे गावचा न्हावी ऑस्गुड उभा राहिला. तो नियमाला धरून शेवटपर्यंत ताठ उभा होता, आणि चकती दोनदा त्याच्या पायांमधून गेली. चषक समोरच्या रेनफील्ड गावाला गेला. डनमोरच्या प्रेक्षकांनी हेक्टरला दोन रबरी बूट फेकून मारले. दोन्ही डाव्या पायाचे निघाले, त्यामुळे दुकानात विकायला ठेवण्याचाही प्रश्न उरला नाही.

रविवारी दुपारी हेक्टर चर्चला जायचा कोट घालून क्विगलींच्या दारात गेला. बर्फाळ पायऱ्यांवर कोणी घसरू नये म्हणून फिन्टनने चुलीतली राख जाड पसरली होती. तिथे म्हातारा बैलही घसरला नसता. हेक्टरने दार वाजवलं. पावलं जवळ आली, कडी निघाली.

ऑनोराने दार उघडलं तेव्हा तो दोन्ही गुडघ्यांवर होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग राखेकडे.

"घसरलात की मुद्दाम?"

"प्रार्थना करत असेल!" आतून फिन्टन ओरडला.

हेक्टरने टोपी काढली. घसरलो म्हणणं सोपं होतं. तसं म्हटल्यावर माफ असतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"मुद्दाम," तो म्हणाला.

ऑनोराने ओठ आवळले. ओसरीवरच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"तीन मिनिटं."

दार बंद झालं. हेक्टर उठला, गुडघ्यांची राख झटकली, बाकावर बसला आणि खिशातून घड्याळ काढलं. आत कपबशा मांडल्याचा आवाज झाला. एक. दोन. मग बराच वेळ काहीच नाही.

मग तिसरी.