भिंगरीचं ठळक अक्षर

एका जागी बसवत नाही म्हणून बाबांनी लहानपणीच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आता तिशी उलटली तरी बाई बूड टेकेल तर शपथ. आज तर तिने घरातल्या लांब पॅसेजमध्ये इतक्या येरझारा घातल्या की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

कारणही तसंच होतं. छपाईसाठी नवी अक्षरवळणं तयार करणं हा तिचा धंदा. नव्या इस्पितळाच्या पाट्यांसाठी तिने एक ठळक अक्षर आखलं होतं. कंपास-पट्टीचं, सगळीकडे एकाच जाडीचं, कोपरे नेमके कापलेले. अंतराळयानाच्या दारावरून उतरवून आणल्यासारखं दिसायचं. ऑफिसातल्या मोठ्या बाई बेहद्द खूश होत्या, पण भिंगरीच्या मनात पाल चुकचुकत होती. दिमाखाच्या नादात तिने अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा फार आवळली होती. घाबऱ्याघुबऱ्या आलेल्या माणसाला लांबून ते वाचताच आलं नाही तर? संध्याकाळी पाट्या कापायला जाणार होत्या. थांबवायचं तर आत्ताच.

म्हणून तिने पॅसेजच्या टोकाला त्या अक्षरात छापलेले कागद चिकटवले आणि दुसऱ्या टोकाला बाबांना खुर्चीत बसवलं. बाबांनी जन्मभर घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचले होते. जिन्याखालच्या अंधारातला आकडा टिपणारा माणूस तो, त्यांच्या नजरेवर तिचा आंधळा विश्वास.

"अपघात विभाग," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "रक्ततपासणी. औषधं. बाहेर जायचा रस्ता. एक नंबर काम आहे पोरी, पास!"

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण बाबा फार भराभर बोलत होते, आणि हीच नावं याच क्रमाने ती आठवडाभर जेवताना बडबडत होती. तिने गुपचूप पहिला कागद काढून तिथे त्याच अक्षरातला 'कुलूप' हा शब्द चिकटवला.

"बाबा, पुन्हा एकदा पहिलं वाचा बरं."

"अपघात विभाग. किती वेळा विचारशील?"

धावत जाऊन तिने तोच शब्द रोजच्या वर्तमानपत्री वळणात, तेवढ्याच आकारात छापून आणला. हे बाबांना वाचता आलं तर दोष तिच्या अक्षराचा. नाही आलं तर डोळ्यांचा. आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिला वाटून गेलं की दोष डोळ्यांचाच निघावा. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

"आणि हे, बाबा?"

बाबा पुढे वाकले. खुर्चीचा हात घट्ट धरून बराच वेळ बघत राहिले.

"हेही तुझंच ना गं? झकास जमलंय."

ती त्यांच्याजवळ आली. "कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं की. जरा धूसर, एवढंच." बाबांनी मान फिरवली. "तुझं काम उरकलं की सांगणारच होतो. ऐन वेळी तुला कशाला घोर?"

फोन वाजला. मोठ्या बाई. "काय गं, देऊ ना कापायला?"

"नको, थांबवा," भिंगरी म्हणाली. "मोकळी जागा वाढवून देते."

"आता? कुणी नापास केलं?"

"कुणी नाही. पण बाबांना डोळे दाखवायला त्याच इस्पितळात न्यायचंय. त्यांना वाचता यायला हवं."

तिने फोन ठेवला, तर बाबांचा चेहरा पडलेला.

"अगं, पण मी पास केलं होतं ना," ते म्हणाले.