फोटोतल्या आजोबांची खुर्ची

मी एक आंघोळीची खुर्ची आहे. जुनी म्हणवून घेण्याइतकं काही माझं वय नाही, पण मित्रांनो, जे पाहायचं ते सगळं पाहून झालंय. चार पाय, दोन हात, टेकायला पांढरं प्लास्टिक आणि बसायच्या जागी पाणी निथळायला भोकं. तोंड तेवढं मला कुणी दिलं नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. माझ्या नळ्या इतक्या पातळ, की वेल्डिंग करणारा म्हणाला होता, "मालक, हिचा मागचा उजवा सांधा धरत नाहीये. नुसता ठिपका पडतोय." मालक फोनवर बोलत होते. हात झटकून म्हणाले, "रंग मार वरून. कोण वाकून बघतंय?" रंग मारला. कुणी वाकून बघितलं नाही, हेही खरंच.

शेडच्या कोपऱ्यात मात्र एक गंमत होती. तिथे भिंतीला थोड्या फरश्या चिकटवून खोटं न्हाणीघर उभं केलं होतं. त्यात एक कान तुटलेली निळी बादली आणि आमचा थोरला भाऊ. त्याच्या नळ्या जाडजूड, सांधे पक्के. त्याला विकायचं नव्हतंच मुळी. जेवणं उरकली की पॅकिंगच्या बायका, हिशेबनीस, ट्रकवाला असे सगळे आळीपाळीनं त्याच्यावर बसून फोटो काढायचे आणि आपापल्या फोनवरून खरेदीच्या ॲपवर लिहायचे, 'खूप मजबूत. आमचे आजोबा खूश.' पॅकिंगची एक बाई हसत म्हणायची, "माझे आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण खूश व्हायचे काही थांबत नाहीत!" मला थोरल्याचा हेवा वाटायचा. कौतुक त्याचं, आणि खोक्यात बसून लोकांच्या घरी जायचं आम्ही.

मला मागवलं ते एका सुनेनं, आपल्या सासऱ्यांसाठी. आजोबा बसचे कंडक्टर होते. जन्मभर लोकांना 'पुढे सरका, बसून घ्या' म्हणत राहिले आणि स्वतः उभे राहिले. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे आंघोळीच्या वेळी सून अर्ध्या उघड्या दाराबाहेर उभी राहायची. आजोबांना त्याची भारी लाज वाटायची. "तेवढी कडी मला आतून लावू दे गं," ते म्हणायचे, "बाकी काही मागत नाही."

खोकं उघडलं तशी आजोबांनी माझ्या हातावर थाप मारली. "वा! रिटायर झाल्यावर का होईना, सीट मिळाली!" अशी शाबासकी मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. आनंद झाला आणि मागचा उजवा पायही आठवला.

खोक्यात एक कार्ड होतं. फोटोसकट पाच तारे द्या, भिंतीला चिकटणारी मूठ भेट मिळवा. सून हरखली. "अण्णा, तुम्हाला धरायला होईल. बसा बघू इथंच, फोटो काढते."

"अगं, आधी आंघोळ तरी करू दे! गाडी सुटायच्या आत प्रवास छान झाला म्हणतेस?"

"हसा हो, अण्णा."

अण्णा हसले. मनापासून हसले. तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं, 'अतिशय मजबूत. अण्णा एकदम खूश. डोळे झाकून घ्या.' मी तेव्हा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली, कोरडी ठणठणीत. पाण्याचा थेंब अंगावर पडला नव्हता. ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, माझा पाय बघ! पण खुर्ची ओरडणार कशी? करकरते फक्त. मी करकरले.

"नवी आहे, रुळेल," सून म्हणाली.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. आजोबा आतून कडी लावायचे, बसायचे, तांब्या बादलीवर दोनदा आपटायचे, "डबल बेल! जाऊ द्या!" आणि भसाड्या आवाजात गाणं सुरू. बाहेर सून हसायची. मी सगळा भार तीन पायांवर घ्यायला बघायचे, पण भार असा आपल्या मनासारखा घेता येत नाही, मित्रांनो. सांधा रोज थोडा उकलत होता. मी रोज थोडी जास्त करकरत होते, आणि आजोबांना वाटायचं, मी गाण्याला साथ देतेय.

एका सकाळी डबल बेल झाली आणि माझा पाय मोडला.

कडी आतून. बाहेर सून दार बडवतेय, "अण्णा! अण्णा, बोला ना!" आत ते फरशीवर, आणि त्यांच्या मुठीत अजून माझा हात. त्यांनी मला धरलं होतं. मला त्यांना धरता आलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून आले ते पलंगावरच. आता सून त्यांना ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. गाणं बंद. कडीचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मला बाल्कनीत टाकलं होतं. आजोबांची लेक भेटायला आली, ती माझ्याशेजारीच फोन घेऊन बसली. "वहिनी, हे फोटो बघितलेस तू? सगळ्यांच्या न्हाणीघरात हीच निळी बादली, कान तुटलेली! आणि सगळ्यांचे आजोबा एकाच दिवशी कसे गं खूश झाले? हा खाली एकानं एकच तारा दिलाय. मागचा उजवा पाय वाकतो, असं स्पष्ट लिहिलंय त्यानं."

"वाचलं होतं मी," सून म्हणाली. "म्हटलं, काही लोकांना कशातच समाधान नसतं." मग हळूच म्हणाली, "आणि सगळ्यात वर कोण आहे, बघ."

सगळ्यात वर अण्णा होते. त्या सगळ्या फोटोंत तेवढंच हसू खरं होतं, म्हणून तेच सर्वांना पटत होतं.

सुनेनं आपलं लिहिलेलं काढून टाकलं आणि खरं काय ते लिहिलं. ते ॲपवर काही दिसेना. अण्णांचा फोटो विकणाऱ्यानं केव्हाच उचलून जाहिरातीत लावला होता. तिनं फोनवर फोन केले, कुणी घेईना. त्यातच भेटीची मूठ आली. भिंतीला लावली, तर चहा होईपर्यंत गळून पडली. सून तिथंच फरशीवर बसून रडली. मी बाल्कनीतून बघत होते. दुसरं काय करणार होते?

मला परत पाठवलं. वाटलं, सुटले एकदाची, आता भंगारात जाईन. पण पोचले ती त्याच शेडमध्ये. पॅकिंगच्या बाईनं माझा पाय हलवून बघितला. "मालक, ही मोडकी आहे हो." मालक म्हणाले, "ठिपका मार, वरून रबर चढव आणि नवीन खोक्यात घाल."

मित्रांनो, मी आता त्या खोक्यात आहे. माझ्यासाठी कुणी वाकून बघितलं नाही, तुम्ही तरी बघा. सगळे एका सुरात कौतुक करत असले की थोडं थांबा. तारखा बघा, फोटोतली बादली बघा, तळाशी पडलेली तक्रार वाचा. आणि वस्तू वापरायच्या आधी कुणाला 'डोळे झाकून घ्या' म्हणू नका. कुणीतरी खरंच डोळे झाकून घेतं.

बाहेर टेप कापल्याचा आवाज येतोय. उजेड आला. कुणाची तरी नात म्हणतेय, "आजी, ये ना. या फोटोतल्या आजोबांना बघूनच मागवली मी. बघ, किती खूश आहेत!"

एक सुरकुतलेला तळवा माझ्या हातावर टेकला. "बसू ना गं?"

मी जिवाच्या आकांतानं करकरले.

"नवी आहे आजी, रुळेल," नात म्हणाली.

आजी बसल्या.