सलापाचं पाणी

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं पाठ फिरवून दोन. प्यायला पाणी नव्हतं, पण नव्या कचेऱ्या मात्र धडाधड उभ्या राहत होत्या. शिरूर अनंतपाळ, नायगावकडची शेतकरी माणसं तिथं घमेली वाहत होती.

अशाच एका इमारतीच्या छताचा सलाप, म्हणजे स्लॅब, गुरुलिंग मिस्त्रीनं चार दिवसांपूर्वी टाकला. ताजा सलाप ओल्या बाळंतिणीसारखा जपावा लागतो. वर मातीचे वाफे बांधून पाणी भरून ठेवायचं, नाहीतर तडे जातात. त्यासाठी ठेकेदार हणमंतराव रोज दोन टँकर हौदात रिकामे करवायचा. इंजिन ते पाणी वर चढवायचं. मजुरांनी मात्र हौदाला हात लावायचा नाही, प्यायचं पाणी कोसभरावरून आणायचं. असला हा न्याय! काल भर उन्हात धुरपताबाई घमेल्यासकट बांबूच्या परांचीवर कोसळली. बांधकाम मजुरांच्या संघटनेचा तिथला पुढारी गुरुलिंगच. त्यानं तिथल्या तिथं काम बंद केलं. मागणी एकच, रोज पिण्याच्या पाण्याचे चार रांजण.

आज दुसरा दिवस. फाटकाशी पोलिसांची गाडी, समोर रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बाया. दुपारी हणमंतराव स्वतः बाहेर आला.

"मिस्त्री, वाफे सुकले. सलाप तडकला तर नाव कुणाचं जाईल? तू एकटाच वर चल. पाणी मार नि ये. तुझ्या संपाला काय होतंय?"

बावीस वर्षांत गुरुलिंगच्या एका सलापाला तडा गेला नव्हता. तो उठला.

"विकला गेला का काय ह्यो?" मागून कुणीतरी म्हणालं. धुरपताबाईनं आपली रिकामी घागर उपडी घातली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

वर कोपऱ्यात केसाएवढा तडा दिसला. "इंजिन लावा!" तो खालच्या मुकादमाला ओरडला. पाइपातून फसफसून पाणी आलं. वर चढेपर्यंत त्याच्या मनात सलापाशिवाय दुसरं काही नव्हतं, खरंच. पण घसा कोरडा होता, म्हणून त्यानं ओंजळ धरली, आणि खाली बघितलं. सगळ्या बाया माना वर करून त्या ओंजळीकडेच बघत होत्या.

त्यानं ओंजळ सोडून दिली.

"घागरी घेऊन वर या गं समद्या!"

बाया धावल्या. मिस्त्रीला मालकानंच वर धाडलेलं, त्यामुळं अडवावं की नाही, पोलिसांना उमजेना. घागरी भरू लागल्या.

"बंद कर इंजिन!" हणमंतराव किंचाळला. पाइप गप पडला.

"ठेवा बंद!" गुरुलिंग वरून ओरडला. "सलाप तडकू द्या. पण बायांच्या आधी वाफ्यात थेंब सोडणार न्हाई मी!"

उन्हानं सलाप तापत होता, गुरुलिंगच्या अनवाणी तळव्यांना चटके बसत होते. धुरपताबाई सगळ्यात शेवटी आली होती. तिची घागर अर्धीच भरली होती. तिनं तडा पाहिला.

"लई घमेली वाहिली रे ह्याच्यापायी," ती पुटपुटली, आणि घागर तड्यावर कलती केली.

गुरुलिंगनं तिचा हात धरला. "धुरपताबाई, आधी पी. सलापाला मालक हाय. तुला कोन हाय?"

ती प्यायली. घटाघटा, पदर भिजवत. खालून हणमंतराव ते बघत होता, आणि वर सलाप सुकत चालला होता.

"लाव रे इंजिन!" शेवटी तो मुकादमावर खेकसला. "अन् यांचे चार रांजण भर. रोज भरत जा!"

फाटकाशी एकच गलका उठला. पाइप पुन्हा फसफसला. धुरपताबाईची घागर काठोकाठ भरली, तेव्हाच गुरुलिंगनं पाणी वाफ्यात सोडलं. बावीस वर्षांतला तो पहिला तडा काही आता बुजणार नव्हता. मिस्त्री त्याच्याशेजारी बसला आणि बायांसमोरच पोटभर रडला.