मोरचूद नसलेली खळ

मोरचूद हाताला लागलं की निळसर डाग चार दिवस जात नाही.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी दिवसातून चाळीस वेळा मोबाइल बघते आणि पालथा ठेवते.

कसर चालते तेव्हा आवाज होत नाही.

एकशे चाळीस किलो.

जिन्यावरून कुणी आलं तर आधी पावलं ऐकू येतात, मग माणूस दिसतो. मधल्या वेळात भीती वाटते.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

मी पुस्तकं दाबणारं एक जुनं यंत्र आहे. बिडाचं. खाली एक सपाट पाट, वर दुसरा, मध्ये जाड आट्यांचा दांडा आणि डोक्यावर चाक. चाक फिरवलं की वरचा पाट खाली येतो आणि मधलं पुस्तक घट्ट बसतं. मला एवढंच येतं.

भट्टीतून निघालो तेव्हाचं फारसं आठवत नाही. आठवतो तो पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खोलीचा जिना. सहा माणसांनी मला वर चढवलं आणि सहाही जणांनी मला शिव्या दिल्या. सातवा, पुस्तकं बांधणारा तरुण बाइंडर, तेवढा हसत होता. तोच माझा धनी.

आमचे चांगले दिवस पुष्कळ झाले. पाठ मोडलेली ग्रंथालयाची पुस्तकं, कचेरीच्या जाडजूड नोंदवह्या, शाळेच्या हजेरीवह्या, सगळं माझ्या पाटाखालून गेलं. गिऱ्हाईक आलं की धनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, आमचे थोरले एकदा बसले की पुस्तकाची वाकडं व्हायची हिंमत नाही. मी लोखंड असूनही सुखावायचो.

तो रोज सकाळी कागद चिकटवायला पिठाची खळ शिजवायचा. ती निवत आली की फळीवरची बाटली काढून चिमूटभर निळं, विषारी मोरचूद टाकायचा. खळ म्हणजे शेवटी पीठच, त्याच्या वासानं कसर, म्हणजे ती चंदेरी कीड, येते आणि पिठाबरोबर कागदही खाते. मोरचूद असलं की ती फिरकत नाही. शिकायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा की जेवणात मीठ विसरलास तरी चालेल, खळीत हे विसरू नकोस.

मग कामं कमी झाली. माझ्या चाकावर त्याचा सदरा वाळू लागला.

आणि ते वर्ष आलं.

दूर कुठेतरी लढाई सुरू झाल्याचं लोक बोलत. तेल महागलं, कागद महागला. कोपऱ्यावरच्या बँकेनं एका दुपारी शटर खाली ओढलं आणि माणसं पासबुकं हातात धरून रस्त्यात उभी राहिली. त्याच आठवड्यात जागेचा मालक आला. इमारत विकायची आहे म्हणाला. वर्षअखेरीपर्यंत जो सहा लाख देईल त्याची खोली त्याच्या नावावर करून देईन, बाकीच्यांनी जागा सोडायची.

त्याच्या मागोमाग कुणी न बोलावता भंगारवाला जिना चढून आला. त्यानं बोटाच्या पेरानं मला दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "एकशे चाळीस किलो."

"विकायचं नाही," धनी म्हणाला.

"आत्ता नाही हो. वर्षअखेरीला येतो."

मित्रांनो, त्या दिवसापर्यंत मला माझं वजन माहीत नव्हतं.

पदरी पाच लाख होते. धन्याचे आणि त्याच्या गेलेल्या बायकोचे, दोघांचे मिळून साठलेले. त्यानं ते आपल्या बँकेतून काढून आणले, कारण कोपऱ्यावरचं शटर त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्याची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती संध्याकाळी आली आणि माझ्या खालच्या पाटावर बसली.

"बाबा, नुसते ठेवले तर पाचाचे पाचच राहतील. आपल्याला सहा हवेत."

"वरचा एक मी बांधणीवर कमवीन. तुझ्या त्या मोबाइलमध्ये उद्या पाचाचे तीन झाले तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"गेल्या महिन्यात किती कमावलेत?"

त्यानं चाकावरचा सदरा काढून घडी घातली. मग म्हणाला, "लोक बाजारातून पळतायत आणि तू आत शिरायचं म्हणतेस. तुझ्या आईवर गेलीस. तीही पडणाऱ्या पावसात कपडे वाळत घालायची."

"आणि वाळायचे," लेक म्हणाली.

दोन दिवस दोघं एकमेकांशी मोजकंच बोलली. शेवटी पैसे निम्मे निम्मे झाले. अडीच लेकीचे, शेअर बाजारात. अडीच बापाचे, रोख.

आता मी जे सांगणार आहे त्यात मीही सामील आहे.

धन्यानं एक भली मोठी हिशेबाची वही बांधली. तिचे दोन्ही पुठ्ठे त्यानं पोकळ केले आणि आत नोटांचे थर अंथरले. नोटा हलू नयेत म्हणून थराथरात खळ लावलेला पातळ कागद घातला. चोर कपाट फोडेल, गादी फाडेल, कोरी वही कोण पळवणार? कल्पना त्याला इतकी आवडली की तो काम करताना शीळ घालत होता.

खळ निवली. त्याचा हात सवयीनं फळीवर गेला. बाटली खाली आली, झाकण उघडलं, आणि हात थांबला. नोटांना निळे डाग पडले तर उद्या कोण घेणार? त्यानं झाकण लावलं आणि बाटली परत ठेवली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग वही माझ्या पाटाखाली आली. मी तीन दिवस ती दाबून धरली. जेवढं बळ होतं तेवढं लावून. मग ती फळीवर गेली.

लेकीच्या मोबाइलवरचे आकडे ती मोठ्यानं वाचायची. बाप विचारायचा म्हणून.

अडीच.

दोन चाळीस.

दोन दहा.

एक ऐंशी.

एक पन्नास.

एक पन्नासच्या दिवशी ती जेवली नाही. बाप म्हणाला, विकून टाक, आहे ते तरी राहील. ती विकेना. धीर होता म्हणून नव्हे. विकायचं बटण दाबायचीच तिला भीती वाटत होती. विकलं की तोटा खरा होणार. तोवर तो नुसता आकडा होता.

बाप फळीवरच्या वहीवर तळहात ठेवायचा. "माझे अडीच अडीचच आहेत बघ."

ती मान खाली घालायची.

आणि मी बघत होतो. पावसाळी ओल भिंतीत उतरली होती. वहीच्या कण्याजवळ एक चंदेरी ठिपका हलला. मग दोन. मग मी मोजणं सोडलं. कसरी पुठ्ठ्याच्या फटीतून आत जायच्या आणि जाड होऊन बाहेर यायच्या. चाकावर सदरा वाळत होता. माझं चाक आपोआप एकदा फिरलं असतं, नुसतं करकरलं असतं, तरी त्यानं वळून पाहिलं असतं. मी करकरलो नाही. मला तेवढंही येत नाही.

त्यानं वही एकदाही उघडली नाही. उघडली तर कुणाला तरी कळेल, ही भीती.

वर्षअखेरीला त्यानं सुरीनं पुठ्ठा चिरला.

लेक त्याच्या समोर उभी होती. आतून आधी भुसा पडला, मग नोटा. कडा कुरतडलेल्या, मधोमध भोकं, काही एकमेकींना चिकटून दगड झालेल्या.

"बाबा, खळीत मोरचूद?"

"डाग पडला असता गं," तो म्हणाला.

तिनं टोमणा मारला नाही. खाली बसून एकेक नोट फडक्यानं पुसू लागली.

बँकेच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन दिवस पट्टी लावून प्रत्येक नोट किती उरली ते मोजलं. काहींचे पुरे दिले, काहींचे निम्मे, काही परत केल्या. एक लाख साठ हजार मिळाले. लेकीचे शेअर तोवर सावरून दोन वीसवर आले होते. तेही पुरे अडीच झाले नाहीत. बांधणीचे चाळीस हजार. सगळे मिळून चार लाख वीस हजार.

जागेच्या मालकानं ऐकून घेतलं आणि किल्ली मागितली.

धन्यानं माझे आटे स्वतः सोडवले. आता मी चार तुकड्यांत, गोणपाटात, लेकीच्या भाड्याच्या खोलीच्या जिन्याखाली आहे. भंगारवाला आठवड्यातून एकदा या गल्लीतून जातो. अजून थांबलेला नाही. दांडा गंजू लागला आहे.

मित्रांनो, पैसे घरात ठेवावेत की बाजारात लावावेत, हे बिडाच्या यंत्रानं काय सांगावं? त्या वर्षी दोन्हीकडे भीतीच होती. पण लेक आपली भीती रोज उघडून बघायची, आणि बापानं ती पुठ्ठ्यात घालून वर माझं वजन ठेवलं. जे जपायचं आहे ते मधूनमधून उघडत जा. वारा लागू द्या. आणि तुमच्याही जिन्याखाली गोणपाटात काही असेल, तर थोडं तेल द्या.

लेकीनं माझ्या चाकाला टेकून घेतलेला अगदी पहिला शेअर कागद बनवणाऱ्या कारखान्याचा होता.