थरथर कुणाची?

मित्रांनो, भोसरीच्या एका कारखान्यात भट्टीशेजारी टांगलेला मी एक जुना रेकॉर्डर आहे. गाणी वाजवणारा नव्हे हं! भट्टीतली उष्णता माझ्या काट्याला कळते आणि तो सरकत्या कागदावर शाईची रेघ ओढतो. १९७४ साली मी नवाकोरा आलो, तेव्हा मालक अर्जुनराव कौतुकानं म्हणाले, "आता भट्टीला खोटं बोलता येणार न्हाई."

खोटं मी कधीच लिहिलं नाही. पण माझी रेघ काही सरळ येईना, सारखी थरथरे. अर्जुनरावांना वाटे, भट्टी सांभाळणारे भीमराजभाऊ झोपा काढतात. "काटा हलतोय, दिसत न्हाई व्हय रं? आन् चहाला कशापायी जातोस?" बिचारे भाऊ! काटा जरा वर गेला की आचेची कळ खाली फिरवत, खाली आला की वर. तरीही भट्टीत तापवलेले यंत्रांचे गिअर कधी फार कडक होत, कधी मऊ. शेवटी मालकांनी बजावलं, "गिऱ्हाइकाकडनं पुन्हा माल परत आला, तर घरी बस." माझं तर डोकंच चालेना. खरं लिहिणारा मी, आणि बोलणी भाऊंना?

मग जयसिंग नावाचे इंजिनिअर आले. माझे जुने कागद पसरून त्यांनी आकडे घेतले, समीकरण मांडलं आणि भाऊंना म्हणाले, "यात दोन भाग आहेत. एक ओढ. काटा भरकटला की भट्टीतलं उष्णता सांभाळणारं यंत्रच त्याला जागेवर आणतं. दुसरा भाग धक्क्यांचा, म्हणजे दार उघडलं, वीज कमी-जास्त झाली, असल्या बारीकसारीक गोष्टींचा. पुढचा धक्का कधी बसेल, कुणीच सांगू शकत नाही. ते साधारण केवढे असतात, एवढंच मोजता येतं."

"मग माझं काय चुकतं, साहेब?"

"तुम्ही प्रत्येक धक्क्यामागं कळ फिरवत धावता, त्यानं थरथर आणखी वाढते. तुम्ही चहाला जाता ना, तेव्हाचीच रेघ सगळ्यांत शहाणी आहे!"

हे ऐकून मी आणखीच गोंधळलो. अर्जुनरावांचाही विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ते स्वतः समोर उभे राहिले. माझा काटा वर चढू लागला. मी जीव खाऊन रोखला, पण ऐकेना! भाऊंचा हात कळीकडं गेला.

"थांबा भाऊ," जयसिंग म्हणाले.

काटा घुटमळला आणि आपला आपण खाली आला. त्या खेपेचे गिअर सगळे एकसारखे निघाले. अर्जुनरावांनी माझ्या कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग ओशाळून म्हणाले, "भीमराजभाऊ, चला, चहा घेऊ."

आता मी गंजलोय. थरथर वाढलीय, ती भट्टीची की माझीच, मलाही उमगत नाही. मित्रांनो, मला तेवढं तेल घाला रे. आणि माझी रेघ हलली म्हणून लगेच कुणाला घरी बसवू नका. आधी त्याचा चहा होऊ द्या.