अंबाड्यातून पाहिलेली कापणी

मित्रांनो, मी एक जुनी आनी-आनी आहे. नाव ऐकून हसलात तरी चालेल. जावा बेटावरच्या बायका भात कापायला मला वापरत. तळहाताएवढी लाकडी फळी, तिच्या कडेला पातळ पाते आणि आडवी बांबूची कांडी, एवढाच माझा देह. बोटांनी ओंबी ओढून घ्यायची आणि तळहातातल्या तळहातात खुडायची. एका वेळी एकच ओंबी. भाताच्या देवीला, म्हणजे श्रीला, मोठ्या पात्याची भीती वाटते, असे आमच्याकडे मानतात. म्हणून मला मुठीत लपवूनच खाचरात न्यायचे.

माझी फळी फणसाच्या लाकडाची. वाडीतल्या सुताराने ती घडवली आणि बाजारातल्या लोहाराने पाते बसवले. वागियेम नावाच्या बाईने मला विकत घेतले तेव्हा तिची मुलगी लास्त्री पाठुंगळीला होती आणि नवरा नुकताच वारला होता. तिच्या मालकीची जमीन म्हणजे झोपडीखालची तेवढी. पण कापणी सगळ्यांची असे. कोणाच्याही खाचरात भात पिकले की वाडीतल्या बायका जात, कापत, आणि कापलेल्या पेंढ्यांतला ठरलेला वाटा घरी नेत. कोणाला नको म्हणायची रीत नव्हती. त्या वाट्यावर वागियेमची चूल पेटे.

काम नसले की ती मला अंबाड्यात खोचून ठेवी. तिथून मी पुष्कळ जग पाहिले.

वागियेमचा हात हलका होता. ओंबीला धक्का लागत नसे, दाणा गळत नसे. म्हणून प्राविरो मालकाच्या शेतात दर हंगामाला 'नवरी' कापायचा मान तिचा. कापणीच्या आधी निवडक ओंब्या खुडायच्या, त्यांची नवरा-नवरी बांधायची, फुले घालायची आणि कणगीत नेऊन निजवायची. त्याशिवाय कोणी खाचरात पाय घालत नसे. त्या दिवशी मालकाची म्हातारी आई स्वतः माझ्या पात्याला खोबरेल लावी आणि म्हणे, "हिच्यासारखी धार माझ्या सुनेच्या जिभेलाच तेवढी!" सूनबाई ऐकून न ऐकल्यासारखे करत. ते माझे चांगले दिवस.

लास्त्री कापायच्या वयाची झाली तोवर सरकारी बियाणे आले. भात ठेंगणे झाले, लवकर पिकू लागले, दाणाही लवकर गळू लागला. बायकांना कंबरेत वाकून कापावे लागे. पीक वाढले तशी कापायला येणाऱ्यांची गर्दीही वाढली. दुसऱ्या वाड्यांतल्या बायका येऊ लागल्या. प्राविरो कुरकुरू लागला, "माझ्या शेतात चिमण्या कमी आणि बायका जास्त!" त्याचे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. वाटे देऊन देऊन त्याची कणगी अर्धी राहत होती.

एका हंगामात त्याने उभे पीक जुमादी नावाच्या व्यापाऱ्याला विकले. वाडीत कोणाला सांगितले नाही.

आम्ही नेहमीसारख्या सकाळी गेलो. बांधावर परगावची माणसे उभी होती, हातात लखलखीत विळे. रस्त्यावर ट्रक. प्राविरो जरा दूर, झाडाखाली, आपल्या सायकलची घंटी पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

जुमादी पुढे आला. "बायांनो, उगाच चिखल तुडवू नका. उभंच्या उभं पीक मी घेतलंय. कापणारी माणसं माझी आहेत."

"पीक घेतलंस, ते कळलं," कासिना म्हणाली. ही वागियेमची शेजारीण, तोंडाची तिखट. "बांधही घेतलास का रे बाबा? का उभं राहायचंही भाडं लावणार?"

बायका हसल्या, पण कोणी मागे फिरले नाही. घरी जाऊन शिजवायचे काय, हा प्रश्न प्रत्येकीच्या पदरात होता.

इतक्यात मालकाची आई फुलांची टोपली घेऊन आली. तिला व्यवहाराची गंधवार्ता नव्हती. "वागियेम, चल गं. उन्हं चढायच्या आत नवरी काप."

वागियेमने अंबाड्यातून मला काढले, हातात फिरवले आणि ती बांधावर खाली बसली.

"आजी, आज माझा हात दुखतोय."

"अगं, आत्तापर्यंत तर धड होता!"

"आत्ताच धरला. जुमादीभाऊ आलेत ना? कापू देत त्यांना नवरी. त्यांचं पातं चांगलं मोठं आहे."

म्हातारीने विळे पाहिले, ट्रक पाहिला, मग झाडाखालच्या लेकाकडे पाहिले. प्राविरोने घंटी पुसणे थांबवले, पण मान वर केली नाही.

जुमादी आपल्या माणसांवर खेकसला, "बघता काय? उतरा खाली!"

कोणी उतरले नाही. त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्क माणसाने विळा खाली ठेवला. "नवरी कापल्याशिवाय आम्ही उतरत नाही, शेठ. आम्हीही भातावरच वाढलोय."

"अरे, मजुरी मी देतो का देवी देते?"

"मजुरी तुम्हीच देता," तो शांतपणे म्हणाला. "भात ती देते."

ऊन चढत होते. पिकलेले ठेंगणे भात नुसत्या वाऱ्यानेही गळते, हे जुमादीला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. तो वागियेमपुढे उकिडवा बसला. "बोल मावशी, तुझा हात कशानं बरा होईल?"

"नदीकडचं खाचर आम्हा बायांना दे. नेहमीच्या वाट्यानं कापू. बाकीचं तुझं."

"सगळं खाचर? डोकं फिरलंय का?"

"मग बसूया. मला काय घाई आहे? ट्रक माझा नाही."

जुमादीने रस्त्याकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले. "बरं, दिलं. पण विळ्यानं कापायचं. तुमच्या त्या खेळण्यांनी कापत बसलात तर माझा ट्रक आठवडाभर इथंच उभा राहील. माझ्याकडे जादा विळे आहेत. घ्यायचे तर घ्या."

कासिना पुटपुटली, "विळा? देवीसमोर?"

वागियेमचा अंगठा माझ्या पात्यावर टेकला होता. मग ती उठली, खाचरात उतरली आणि तिने नवरी कापली. एकेक ओंबी, जराही धक्का न लावता. म्हातारीने जोडी बांधली, फुले घातली. वागियेमने चिखलातच वाकून देवीची क्षमा मागितली, मला अंबाड्यात खोचले आणि जुमादीपुढे हात पसरला. "आण विळा."

मित्रांनो, मी ती कापणी तिच्या अंबाड्यातून पाहिली. विळा एका फटक्यात मूठभर ताटे आडवी करत होता. तेवढ्याला मला बराच वेळ लागला असता. लास्त्रीही आईशेजारी विळा चालवायला शिकली आणि सगळ्यांत पुढे गेली. कासिनाने विळ्याला हात लावला नाही. ती ताटे उचलून मळणीकडे नेत राहिली. संध्याकाळी प्रत्येकीच्या डोक्यावर भाताचे ओझे होते. वाटेत कोणी गाणे म्हटले नाही.

पुढच्या हंगामात जुमादीने कोणालाच खाचर दिले नाही. नवरी प्राविरोच्या आईने स्वतःच कापली. लास्त्रीचा हात जुमादीला आवडला होता. त्याने तिला आपल्या टोळीत घेतले. ती गावोगाव कापणीला जाऊ लागली. कासिना लेकाकडे शहरात गेली आणि परत आली नाही.

वागियेम सोयाबीन भिजवून त्याच्या वड्या आंबवू लागली, केळीच्या पानांत बांधून बाजारात विकू लागली. ती पाने मी कापत असे. केळीचा चीक पात्याला काळा करतो. मला त्याचे वाईट वाटले नाही. हात तोच होता. एकदा लास्त्री म्हणाली, "आई, नवी सुरी आणते. हे काय घेऊन बसलीस?" त्यावर वागियेम म्हणाली, "तू तुझा विळा सांभाळ. उद्या त्यालाही घरी बसवणारं यंत्र येईल." आणि दोघी खूप हसल्या.

वागियेम आता नाही. मी चुलीमागच्या कुडात खोचलेली आहे. पात्यावर गंज आहे, फळीला चीर गेली आहे.

आम्हाला जपा, अशी विनंती करूनच आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट संपवतात. मीही करते. पण माझे मागणे थोडे आहे, मला बोटभर खोबरेल पुरते. तुमच्या घरी नवे हत्यार येईल तेव्हा ते जरूर आणा, ते चांगलेच असेल. फक्त जुने हत्यार ज्या हातात होते, तो हात आता काय करतो आणि रात्री काय जेवतो, एवढे त्याच दिवशी जाऊन विचारा.