सिंचनासाठी

बरोबरची खूण एवढीशीच होती, पण अहवालाच्या झेरॉक्समध्ये तिची शेपटी लांब आली होती — ‘मानवनिर्मित, सिंचनासाठी’ या ओळीवरून थेट समासापर्यंत... प्रियदर्शनीने कागद उलटा करून मांडीवर ठेवला. अकोल्याच्या कलेक्टर कचेरीतली लांबट खोली. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचं हरित न्यायाधिकरण अजून दिसायचं होतं, आणि ती, अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, गावच्या तलावाच्या पाहणी समितीतली तज्ज्ञ, एवढंच सांगायला आली होती की अहवालावरची सही तिची आहे.

तलाव सिंचनासाठी बांधलेला ठरला की केंद्राचे पाणथळींचे नियम त्याला लागत नाहीत. मग भर टाकता येते, प्लॉट पाडता येतात. तो तसा नव्हता हे तिला ठाऊक होतं. त्या पाण्यावर कुणाचं शेत कधी भिजलं नव्हतं, पाळ होती ती निव्वळ बैलगाड्यांच्या वाटेसाठी. तिचं बालपणच त्या काठावर गेलं — शेजारच्या सुंदराबाईचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यात... हे पानकणीस, हे देवधान, हा शिंगाडा, पाय जपून टाक वं... कॉलेजातली लॅटिन नावं या नावांच्या मागून आली.

मग त्या ओळीवर खूण का केली? कुणी धमकावलं नव्हतं. मे महिना, चालू ठेवलेली जीप, भेगाळलेल्या तळात घाम पुसत उभे असलेले सगळे, आणि समितीचे अध्यक्ष सहज म्हणाले, “मॅडम, तुम्ही याच गावच्या ना? मग जरा भावनिक व्हाल, साहजिक आहे.” बस, एवढंच. पण तिला वाटलं, सगळे बघताहेत — आपल्या आडनावाकडे, गावाच्या कोणत्या टोकाला आपलं घर होतं तिकडे — आणि आपण भावनिक नाही, आपण निःपक्ष आहोत, हे दाखवायला तिने पेन काढलं.

निःपक्ष!

सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. “सही आपलीच?” “हो.” पडद्यावरचा आवाज पुढची तारीख देऊन गेला.

जिन्याशी सुंदराबाई उभी होती. तलाव बुजवू नये म्हणून केलेल्या अर्जावर पहिलं नाव तिचंच. प्रियदर्शनी दुसरीकडे वळणार, तेवढ्यात तिने मनगट धरलं.

“पोरी, मले समजलं समदं.”

“काय, मावशी?”

“तुयी सही घेतली अन् मंग कागद बदलला त्यायनं. वकिलाले मी तेच सांगून राहिली. आमची पोरगी असं लिहूच शकत नाही. हो का नाही?”

मावशी, कागद तोच आहे... खूण माझी आहे... शब्द ओठांपर्यंत आले होते. सुंदराबाईच्या डोळ्यांत शंकेचा लवलेश नव्हता. शंका असती तर कदाचित बोलता आलं असतं.

“हो... म्हणजे, तसंच झालं थोडंफार.”

सुंदराबाईने तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि खाली थांबलेल्या गावच्या बायांना हाक दिली, “आयकलं काय वं? मी म्हनत नव्हती? पोरीले फसवलं!”

बाया भोवती जमल्या. एकीने तिची बॅग घेतली, दुसरीने डबा उघडून भाकर पुढे केली. “भेऊ नको बाई, आमी आहो ना. पुढच्या तारखेले फक्त खरं सांगजो.”

“सांगेन.”

लिंबाच्या सावलीत त्यांनी तिला मधे बसवलं. उघडे पडू, ही धास्ती सकाळपासून होती. ती आता नव्हती. आता कुणाला कळणारच नव्हतं — आणि त्या अध्यक्षांनी न केलेली लबाडी आज संध्याकाळी गावात घरोघर पोचणार होती, तिच्या तोंडची म्हणून... ऊठ, सांग यांना, आत्ता, घास खाली ठेव... पण कुणीतरी पाठीवरून हात फिरवत होतं, कुणीतरी ठेचा वाढत होतं, आणि कितीतरी वर्षांनी आपल्या माणसांत बसून जेवताना तिला — हे तिला स्वतःशीही कबूल करवेना — बरं वाटत होतं.